सोलो क्रॉस कंट्री आणि जमिनीवरच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्किटमधलं, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतलं, पहिलं सोलो (एकट्याने केलेलं उड्डाण) उरकलं की विद्यार्थी वैमानिकाला वाटतं, अवघड टप्पा संपला. पण तेव्हा धावपट्टी सतत नजरेसमोर असते. सोलो क्रॉस कंट्रीत, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंत केलेल्या उड्डाणात, ती दहा मिनिटांत मागे दिसेनाशी होते, शेजारची सीट रिकामी असते आणि आपण कुठे आहोत याचं उत्तर स्वतःलाच द्यायचं असतं. या उड्डाणाआधी विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, आणि जे विचारायला लाजतात, ते इथे एकत्र घेतले आहेत.

सोलो क्रॉस कंट्री म्हणजे नेमकं किती लांब जायचं?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, किमान अटींनुसार प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी 10 तास सोलो लागतं आणि त्यातले 5 तास क्रॉस कंट्रीचे असावे लागतात. त्यात एक उड्डाण एकूण किमान 270 किलोमीटरचं, म्हणजे 150 नॉटिकल मैलांचं हवं आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायला हवं. कमर्शियल लायसन्ससाठी हाच आकडा 540 किलोमीटर, म्हणजे 300 नॉटिकल मैल होतो. बहुतेक देशांचे नियम याच चौकटीवर उभे आहेत, त्यात थोडेफार फेरफार असतात. अमेरिकेत 150 मैलांच्या (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल) त्या उड्डाणात तीन ठिकाणी पूर्ण थांबून लँडिंग आणि एक टप्पा सरळ रेषेत 50 मैलांहून लांब अशी अट आहे.

पण कागदावरचे तास भरले म्हणून कुणी सोडत नाही. त्या दिवसाचं हवामान आणि तुमचं नियोजन पाहून इन्स्ट्रक्टर सही करतो, तेव्हाच निघायचं.

जीपीएस असताना खिडकीतून नद्या नि रेल्वे रूळ कशाला शोधायचे?

परीक्षेत विचारतात म्हणून, हे खरं पण अपुरं उत्तर. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो, चार्जिंगची वायर सैल होते, काही भागांत उपग्रहांचे सिग्नल जाम केले जातात. हेही सगळं खरं. तरी माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. स्क्रीनवर विमानाचं चित्र सरकताना दिसलं की डोकं खाली राहतं. खुणा शोधणाऱ्याचं डोकं वर असतं. समोरून येणारं दुसरं विमान, पुढे दाटत चाललेली धूसर हवा, इंजिन बंद पडलं तर उतरायला बरं असलेलं शेत, हे सगळं त्यालाच दिसतं.

जीपीएस वापरू नका असं मी म्हणत नाही. शाळेने परवानगी दिली असेल तर जरूर सोबत ठेवा. फक्त आधी स्वतः ठरवा की आपण कुठे आहोत, आणि मग स्क्रीनकडे बघा.

नियोजन कुठून सुरू करू?

नकाशावर रेघ ओढण्यापासून. डोळ्यांनी बघत उडण्यासाठी सहसा 1:5,00,000 प्रमाणाचा चार्ट वापरतात. त्यावरचा 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 5 किलोमीटर. अंतर मोजायला स्केल नसेल तर रेखावृत्तावरच्या खुणा वापरा. तिथे अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. आडव्या अक्षवृत्तावर मात्र हे मोजमाप कधीही घेऊ नका, कारण रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात.

कोन रेघेच्या मध्याजवळच्या रेखावृत्ताशी मोजा. समजा, ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जायच्या रेघेची दिशा, 072° आला, भौगोलिक उत्तरेपासून. विमानाचा हवेतला वेग 90 नॉट, म्हणजे ताशी 90 नॉटिकल मैल. वारा 342° वरून 18 नॉट, म्हणजे बरोबर डाव्या काटकोनातून. विमान उजवीकडे ढकललं जाणार, म्हणून नाक साधारण 11° डावीकडे ठेवायचं: 061°. त्या भागात चुंबकीय व्हेरिएशन, म्हणजे भौगोलिक आणि चुंबकीय उत्तरेतला फरक, 2° पश्चिम असेल तर ते मिळवायचं: 063°. पूर्व असेल तर वजा करायचं. शेवटी विमानातल्या कंपासशेजारच्या कार्डावरचं डेव्हिएशन, म्हणजे त्या विमानातल्या कंपासची स्वतःची चूक, धरायचं. जमिनीवरचा वेग येतो साधारण 88 नॉट, म्हणजे 15 मिनिटांत 22 मैल.

इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या हातून निसटते. वरच्या थरांतल्या वाऱ्याचा अंदाज भौगोलिक उत्तरेच्या हिशोबात दिलेला असतो, तर टॉवर लँडिंगच्या वेळी सांगतो तो वारा चुंबकीय असतो, कारण धावपट्टीवर रंगवलेले दिशेचे आकडेही चुंबकीय असतात. व्हेरिएशन 2° असेल तिथे काही बिघडत नाही. 15° असेल तिथे बिघडतं.

गणित झालं की आकडा डोळ्यांनी तपासा. 072° म्हणजे पूर्वेच्या जरा वर. रेघ नकाशावर तशीच दिसते का? कोनमापक उलटा धरून 252° लिहून आणणारे दर बॅचमध्ये भेटतात.

खुणा कशा निवडायच्या?

जमिनीवर जे ठळक वाटतं ते वरून ठळक असेलच असं नाही. देवळाचा कळस, चौकातला पुतळा, उंच इमारत, यांना तीन हजार फुटांवरून काही किंमत नाही. उंची हरवते, आकार उरतो. म्हणून आडव्या पसरलेल्या गोष्टी निवडा: मोठं वळण घेणारी नदी, रेल्वे जंक्शन, धरणाची भिंत, महामार्गांची गाठ, किनाऱ्याचं टोक. त्यातही एकटी खूण नको. "नदीकाठचं गाव" अशी दहा गावं सापडतील. "नदीच्या दक्षिण काठचं गाव, पश्चिमेला रेल्वे पूल, आणि पुलापलीकडे रूळ दुभंगतात" असं गाव त्या परिसरात एकच असेल. एका खुणेला किमान दोन शेजारी हवेत.

आता बेभरवशाच्या खुणा. जलाशय नकाशावर निळाशार आणि मोठा दिसतो, पण तो आकार भरलेल्या पाण्याचा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाची रेघ पूर्ण बदलते, लहान तलाव तर नाहीसाच होतो. भिंत मात्र जागेवर असते, म्हणून भिंत शोधा. पुरात उलटं होतं, शेतांचं तळं बनतं. जंगलाची कड तोडीनुसार सरकते. नवे रस्ते आणि सौर ऊर्जेची शेतं वरून लखलखीत दिसतात, पण चार्ट छापला तेव्हा ती नव्हती. विजेच्या तारा दिसतच नाहीत, मनोरे दिसतात. जंगलातून तार गेली असेल तर झाडं तोडून केलेला सरळ पट्टा मात्र लांबूनही उठून दिसतो. पवनचक्क्यांची रांग चार्टवर असेल तर तिच्यासारखी खूण नाही.

खुणेची जागाही बघा. बरोबर रेघेवर असलेली खूण नाकाखाली येते आणि ऐन वेळी इंजिनाच्या झाकणाआड जाते. रेघेच्या दोन-तीन मैल बाजूला, शक्यतो डाव्या हाताला असलेली खूण बघायला सोपी, कारण तुम्ही डाव्या सीटवर आहात.

आणि उंची. दीड हजार फुटांवर एकेक घर दिसतं पण रचना कळत नाही. साडेचार हजारांवर नदी नि रूळ नकाशासारखे उलगडतात. ढग आणि हवाई क्षेत्राची मर्यादा परवानगी देत असेल तर मी वरच जा म्हणेन. इंजिन बंद पडलं तर तीच उंची हाताशी वेळ ठेवते. लहान प्रशिक्षण विमान शांत हवेत हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगत जातं.

दर किती अंतरावर खूण हवी?

दर 10 ते 15 मिनिटांनी एक पुरे. पहिली मात्र लवकर घ्या, निघाल्यावर पाचेक मिनिटांत, कारण हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, मुळातच चुकीचं लावलं असेल तर ते तिथेच कळतं. शेवटची विमानतळाच्या सात-आठ मैल आधी, म्हणजे उंची कमी करणं आणि रेडिओ कॉल घाईत होत नाहीत. दर दोन मिनिटांना खूण लिहून आणणारा विद्यार्थी खिडकीबाहेर बघतच नाही, नुसता यादीवर टिकमार्क करत बसतो.

"घड्याळ, नकाशा, जमीन" हा क्रम इतका घोकून का घेतात?

कारण नवशिक्याचा हात नेमका उलटा चालतो. खाली गाव दिसलं की तो ते नकाशावर शोधू लागतो. नकाशावर गावं भरपूर असतात, त्यामुळे कुठलं तरी जुळतंच. तलाव जरा लांबट आहे, पण असेल. पूल दिसत नाही, पण झाडांमागे असेल. असं करत करत दोन-तीन "असेल" साठले की माणूस पूर्ण खात्रीने चुकीच्या जागी पोहोचलेला असतो.

म्हणून आधी घड्याळ. सुटल्यापासून किती मिनिटं झाली? 88 नॉटने 15 मिनिटं म्हणजे 22 मैल. मग नकाशा: रेघेवर 22 मैलांपाशी बोट ठेवा आणि तिथे काय काय दिसायला हवं ते आधी वाचा, शक्य असेल तर मोठ्याने. "डावीकडे नदीचं वळण, वळणाच्या आत गाव, गावातून रूळ दक्षिणेकडे." आणि मग बाहेर बघा. आता तुम्ही जमिनीला तीन ठाम प्रश्न विचारताय आणि ती हो किंवा नाही म्हणू शकते. उलट्या क्रमात तिला नाही म्हणायची सोयच नसते.

म्हणूनच खूण ओलांडली की वेळ लिहायची. पेन्सिलने, गुडघ्यावरच्या पॅडवर, तिथल्या तिथे. "लक्षात राहील" असं वाटलेली वेळ पुढच्या रेडिओ कॉलनंतर राहत नाही. पुढे खरोखर गोंधळ झाला, तर ती शेवटची लिहिलेली वेळ हा एकच भक्कम धागा तुमच्या हातात असतो.

मग सरळ रेल्वेचा रूळ किंवा महामार्ग धरून गेलं तर?

जाता येतं, आणि विमानं नवी होती तेव्हा वैमानिक तसेच जात. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. 7 एप्रिल 1922 रोजी लंडन-पॅरिस मार्गावरची दोन विमानं फ्रान्समधल्या पिकार्डी भागात समोरासमोर धडकली, कुणीही वाचलं नाही. धुकट हवेत दोघंही जमिनीवरची तीच वाट धरून विरुद्ध दिशांनी येत होते. रूळ, रस्ता, नदी आपल्या डाव्या हाताला ठेवून तिच्या उजव्या बाजूने उडायचं, हा संकेत अशाच प्रसंगांसाठी आहे. दोघांनी तो पाळला तर वाट दोघांच्या मध्ये राहते.

दुसरी अडचण डोंगराळ भागातली. रूळ बोगद्यात शिरतो, तुम्ही शिरू शकत नाही. ढग खाली आलेले असताना रुळामागे दरीत घुसलात आणि समोर बोगद्याचं तोंड आलं, तर वळायला जागा उरलेली नसते.

लांब रेषा आडव्या असतील तर जास्त उपयोगी. ट्रॅकला काटकोनात छेदणारी नदी तुम्ही किती पुढे आलात ते सांगते, ट्रॅकला समांतर जाणारा रूळ किती बाजूला गेलात ते सांगतो. विमानतळाच्या पलीकडे एखादी आडवी रेषा, किनारा किंवा मोठा महामार्ग, आधीच हेरून ठेवा: ही आली म्हणजे मी पुढे निघून आलो.

खूण वेळेवर दिसली नाही तर लगेच वळू का?

नाही. हेडिंग धरून ठेवा. 90 नॉटला मिनिटाला दीड मैल होतो, तेव्हा अंदाजाहून वारा जरा जोराचा असेल तर दोन-तीन मिनिटांचा फरक सहज पडतो. शिवाय खूण ढगाच्या सावलीत असू शकते किंवा सूर्यासमोरच्या धूसर बाजूला. सूर्याकडे तोंड असताना दृश्यमानता फारच कमी वाटते, पाठ असताना तीच हवा स्वच्छ वाटते.

या वेळेत डायरेक्शन इंडिकेटर (दिशा दाखवणारं दुसरं उपकरण) कंपासशी जुळतोय का ते बघा आणि पुढच्या खुणेची वेळ मोजा. माणसं हरवतात ती बहुधा खूण चुकल्यामुळे नव्हे, तर ती शोधायला इकडेतिकडे वळल्यामुळे. सरळ गेलेल्या माणसाची जागा घड्याळावरून काढता येते. तीन वळणं घेतलेल्याची नाही.

खूण दिसली, पण दोन मैल बाजूला. आता?

इथे साठास एकचा नियम लागतो: 60 मैलांवर 1 मैल बाजूला म्हणजे 1°. समजा 20 मैल आलात आणि रेघेच्या 2 मैल उजवीकडे आहात. 2 भागिले 20, गुणिले 60, म्हणजे 6° चूक. पुढे 30 मैल उरलेत. 2 भागिले 30, गुणिले 60, म्हणजे 4°. दोन्हींची बेरीज 10°. हेडिंग 10° डावीकडे घेतलंत की सरळ मुक्कामाला पोहोचता.

मूळ रेघेवर परत यायचं असेल तर चुकीच्या दुप्पट, 12° डावीकडे वळा, जितका वेळ बाहेर जायला लागला साधारण तितकाच वेळ जा, आणि रेघेवर आल्यावर 6° परत करा. रेघेवर परतायची ही पद्धत मला नवख्यांसाठी जास्त पसंत आहे, कारण पुढच्या सगळ्या खुणा नकाशावर ठरवलेल्या जागीच भेटतात.

डायरेक्शन इंडिकेटर आणि कंपास सतत वेगळं का दाखवतात?

डायरेक्शन इंडिकेटर जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीवर, चालतो आणि हळूहळू सरकतो. पृथ्वीच्या फिरण्यानेच तो ध्रुवाजवळ तासाला 15° पर्यंत सरकलेला दिसू शकतो, विषुववृत्ताकडे हा भाग शून्याकडे जातो, आणि बेअरिंगच्या घर्षणाची भर वेगळी. म्हणून दर 10-15 मिनिटांनी तो कंपासशी जुळवायचा. फक्त सरळ, सपाट, स्थिर वेगात. उत्तर गोलार्धात पूर्वेला किंवा पश्चिमेला जात असताना वेग वाढवलात तर कंपास उत्तरेकडे झुकतो, कमी केलात तर दक्षिणेकडे. वळताना तर त्याच्यावर अजिबात भरवसा नाही. आणि मोबाइल, हेडसेट, चुंबकाचं झाकण असलेली केस डॅशबोर्डवर ठेवू नका.

दिशेचा ढोबळ ताळा सूर्यावरूनही घ्या. सकाळी पूर्वेला निघालात आणि ऊन पाठीवर येतंय, तर काहीतरी मोठंच चुकलंय. 17 जुलै 1938 रोजी डग्लस कॉरिगन न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघाला आणि सुमारे 28 तासांनी आयर्लंडमध्ये उतरला. कंपास चुकीचा वाचला, असं त्याने सांगितलं. अटलांटिक ओलांडायची परवानगी त्याला आधी नाकारलेली होती, त्यामुळे यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले.

खरंच हरवलो तर काय करायचं?

पहिलं, स्वतःशी कबूल करा. हे वाटतं त्याहून अवघड आहे, कारण "पुढच्या गावाला कळेल" ही आशा फार चिवट असते, आणि तिच्यात इंधनाची पंधरा-वीस मिनिटं जातात. एक सरळ कसोटी ठेवा: ओळीने दोन खुणा जुळल्या नाहीत की मी हरवलोय.

मग वेळ लिहा आणि इंधन किती मिनिटांचं आहे ते काढा. ढग आणि हवाई क्षेत्र आड येत नसेल तर वर चढा. वरून जास्त दूरचं दिसतं, आणि व्हीएचएफ रेडिओ नजरेच्या रेषेत चालत असल्याने तोही लांब पोहोचतो. नंतर बोला. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच सुरुवात करा, उत्तर नसेल तर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी 121.5. हरवलोय, विद्यार्थी वैमानिक आहे, सोलो आहे, इंधन इतक्या मिनिटांचं, शेवटची खात्रीची जागा अमुक वाजता अमुक. पॅन पॅन, ही तातडीची हाक, म्हणायला संकोच करू नका, त्यासाठीच ते आहे. रडारवाला ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या उपकरणाचा) कोड देईल आणि अर्ध्या मिनिटात तुमची जागा सांगेल. कुणाशीच संपर्क होत नसेल आणि स्थिती बिकट असेल तर त्यावर आणीबाणीचा कोड 7700 लावा.

नियंत्रक रागावतील ही भीती मनातून काढून टाका. हरवलेल्या विद्यार्थ्याने लवकर कळवलं तर त्यांचं काम सोपं होतं. न कळवता तो मोठ्या विमानतळाच्या वाटेत शिरला तर सगळ्यांचंच अवघड होतं.

बोलणं चालू असताना हेडिंग धरून ठेवा आणि आता, फक्त आताच, क्रम उलटा करा. जमिनीवरून नकाशाकडे. शेवटच्या खात्रीच्या जागेपासून किती मिनिटं झाली ते घेऊन अंतर काढा, त्या अंतरावरच्या अंदाजी जागेभोवती वर्तुळ कल्पा आणि त्या वर्तुळात मोठी, ठळक गोष्ट शोधा. लहान गावं सोडा. मोठी रेषा सापडली तर तिच्यावरून जा, शहर किंवा जंक्शन येईपर्यंत.

इंधन किंवा उजेड संपत आला असेल तर इंजिन चालू असतानाच चांगलं शेत निवडून उतरणं, हा शिकवलेला आणि योग्य मार्ग आहे. तो निर्णय शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नका.

मुद्दाम बाजूला जाऊन शोधायची एक युक्ती ऐकली आहे. ती काय?

समजा विमानतळ नदीकाठी आहे, पण आजूबाजूला ओळखीचं काही नाही. थेट त्याच्यावर नेम धरलात आणि नदी आली पण विमानतळ दिसला नाही, तर डावीकडे वळायचं की उजवीकडे? कळणार नाही. म्हणून मुद्दाम पाच-सहा मैल डावीकडचा नेम धरायचा. नदी आली की डोळे झाकून उजवीकडे वळायचं.

फ्रान्सिस चिचेस्टरने 1931 मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मान समुद्र एकट्याने ओलांडताना हेच केलं. जिप्सी मॉथ हे त्याचं छोटं विमान, आणि वाटेत इंधनासाठी नॉरफोक आणि लॉर्ड हाव ही इवलीशी बेटं सापडायलाच हवी होती. तो जाणूनबुजून बेटाच्या एका बाजूला जाई, सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून बेटाच्या रेषेत आल्याची खात्री करी, आणि मग ठरलेल्या बाजूला वळे.

इंधन किती जास्तीचं घ्यावं?

दिवसा डोळ्यांनी बघून उडताना मुक्कामाला पोहोचल्यावर 30 मिनिटांचं शिल्लक असावं, हा सर्वसाधारण किमान नियम. विद्यार्थ्याने तासाभराचं धरावं, असं माझं ठाम मत आहे. मोजायचं मिनिटांत, काट्यावर नाही. लहान विमानांचे इंधनकाटे डुलतात. उड्डाणाआधी टाकीत दांडी घालून बघा.

हवामान बिघडायला लागलं तर कधी परतायचं?

पुढची खूण दिसायला हवी होती तिथे राखाडी पडदा दिसू लागला की. बहुतेक ठिकाणी दहा हजार फुटांखाली डोळ्यांनी बघून उडायला किमान 5 किलोमीटर दृश्यमानता लागते, ढगापासून 1500 मीटर आडवं आणि 1000 फूट उभं अंतर लागतं. विद्यार्थ्यांसाठी शाळेची मर्यादा याहून कडक असते, आणि असावी. 5 किलोमीटर दृश्यमानतेत खुणा शोधून बघा: 90 नॉटला दिसल्यापासून डोक्याखाली येईपर्यंत दोन मिनिटंही मिळत नाहीत.

परतायचं वळण मोठं, सपाट आणि वेळ लावून घ्या. सेकंदाला 3° या दराने 180° वळायला एक मिनिट लागतं, आणि 90 नॉटला त्यासाठी साधारण 14° कलणं पुरतं. ढगात शिरल्यावर वळण्यापेक्षा ढग लांब असताना वळा.

अनोळखी विमानतळ हाच, याची खात्री कशी करायची?

धावपट्टीचा आकडा वाचून. नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेतल्या विचिटा इथे एक अवाढव्य मालवाहू 747 जायचं होतं त्या तळाऐवजी जवळच्या छोट्या विमानतळावर उतरलं. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या होत्या. इतकी उपकरणं आणि अनुभवी वैमानिक असून हे होतं, म्हणून धावपट्टी दिसली की येणाऱ्या सुटकेच्या भावनेवर विसंबू नका.

आधी तयारी करा: गाव विमानतळाच्या कुठल्या बाजूला आहे, किती धावपट्ट्या, टॉवर कुठे, लांबी किती. परवानगी असेल तर सर्किटच्या वरून एक फेरी मारा, आकडा आणि वारा बघा, मग उतरा.

रेडिओवर गडबडलो तर?

पहिल्याच कॉलमध्ये विद्यार्थी वैमानिक असल्याचं सांगा. नियंत्रक हळू बोलतो. समजलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणा. न समजता रॉजर (संदेश मिळाला) म्हणणं त्याहून वाईट.

किती कागद सोबत ठेवू?

चार्ट, नेव्हिगेशन लॉग (हेडिंग, अंतरं आणि वेळांचा तक्ता), विमानतळांची माहिती, दोन पेन्सिली. चार्ट निघण्यापूर्वीच अशी घडी घाला की पूर्ण ट्रॅक दोन्ही बाजूंना वीसेक मैलांसकट एकाच घडीत दिसेल. रेघ उड्डाणाच्या दिशेने वर जाईल असा तो धरा. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील, नकाशावर डावीकडे आहे ते बाहेरही डावीकडेच दिसलं पाहिजे.

मधल्या विमानतळावर उतरल्यावर आणि घरी परतल्यावर काय करायचं?

मध्ये उतरलात की इन्स्ट्रक्टरला फोन करा, टाक्या बघा, आणि पुढच्या टप्प्याचं गणित नव्या वाऱ्याने पुन्हा करा. सकाळचा वारा दुपारी तसाच राहत नाही. तुम्ही नुकत्याच उडालेल्या टप्प्यात खरा वेग किती मिळाला ते लॉगवर आहेच, अंदाजापेक्षा त्याला जास्त वजन द्या. लँडिंगचा पुरावा म्हणून सही-शिक्का लागत असेल तर निघण्याआधी घ्या.

परत आल्यावर फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाआधी नियंत्रकांकडे दिलेली मार्गाची नोंद, बंद झाल्याची खात्री करा. जिथे टॉवर नाही तिथे तो आपोआप बंद होत नाही, आणि तुम्ही चहा पीत बसलेले असताना शोधकार्य सुरू होऊ शकतं. लॉगबुक त्याच दिवशी भरा. मग नेव्हिगेशन लॉग घेऊन इन्स्ट्रक्टरसमोर बसा आणि ठरलेल्या वेळा व खऱ्या वेळा शेजारी ठेवा. सगळे फरक एकाच बाजूचे असतील तर वाऱ्याचा अंदाज चुकला होता. एकच फरक मोठा असेल तर ती खूण बहुधा तुम्ही समजलात ती नव्हतीच. चार्ट उघडून तिथे दुसरं काय होतं ते शोधा.